नेरुळचा ताजमहाल पाहायला जाताय? मग त्यामागची बाग आधी समजून घ्या

ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पनवेल, तळोजा, कळंबोली, कोपरखैरणे भागातली आपली कुटुंबं मुलाबाळांना घेऊन बाहेर पडतात, तेव्हा नेरुळचं वंडर्स पार्क हे नाव हमखास निघतं. सेक्टर १९-ए मधलं हे उद्यान नवी मुंबई महानगरपालिकेनं डिसेंबर २०१२ मध्ये सुरू केलं. मध्ये काही काळ ते दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२३ मध्ये नव्यानं सजून पुन्हा खुलं झालं. मुलांना टॉय ट्रेन आणि पाळण्यांचं आकर्षण, मोठ्यांना मोकळ्या हवेचं. पण पार्कला नाव मिळालं ते तिथं उभ्या केलेल्या जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींमुळे. आग्र्याचा ताजमहाल, चीनची भिंत, रोमचं कोलोसियम, जॉर्डनचं पेट्रा, पेरूचं माचू पिच्चू, मेक्सिकोचं चिचेन इत्झा आणि ब्राझीलमधला ख्रिस्ताचा पुतळा.

ही यादी कुठल्या सरकारनं किंवा युनेस्कोनं ठरवलेली नाही. एका खाजगी स्विस संस्थेनं जगभरातून मतं मागवली आणि ७ जुलै २००७ रोजी पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात निकाल जाहीर केला. त्या वेळी आपल्याकडेही ताजमहालसाठी एसेमेस करा म्हणून किती गाजावाजा झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. असो. नवी मुंबईसारख्या ठरवून वसवलेल्या शहरात अशी ठरवून सजवलेली बाग असणं साहजिकच आहे. प्रश्न एवढाच, की सेल्फी काढून झाल्यावर मुलानं विचारलं, "अब्बा, हे काय आहे?" तर सांगायचं काय?

ताजच्या प्रतिकृतीसमोर बहुतेक घरांत एक गोष्ट सांगितली जाते. शहाजहाननं ताज बांधून झाल्यावर कारागिरांचे हात तोडले, म्हणजे दुसरा ताज कुणी बांधू नये. ही गोष्ट आपणही शाळेत ऐकली, आपल्या मुलांनीही ऐकली. तिला त्या काळातला कसलाही आधार नाही. उलट पुरावा दुसऱ्या बाजूचा आहे. ताजचे मुख्य वास्तुविशारद उस्ताद अहमद लाहोरी मानले जातात. ताजचं काम चालू असतानाच, १६३९ मध्ये, शहाजहाननं दिल्लीत लाल किल्ल्याची पायाभरणी केली आणि त्या कामावरही हेच अहमद लाहोरी होते. ज्याच्यावर पुढचं सगळ्यात मोठं काम सोपवायचं, त्याचे हात कोण तोडतो? ताजवर कुराणातल्या आयती कोरण्याचं काम अमानत खान शिराझी यांचं. त्यांना आपलं नाव भिंतीवर सही म्हणून लिहिण्याची मुभा होती, आणि ती सही आजही तिथं आहे. एवढा मान ज्या कारागिराला मिळाला, त्याच्या शेजारच्या गवंड्याचे हात तोडले गेले, असं मानायला काही जागा नाही.

मुद्दा फक्त इतिहासाचा नाही. शाळेच्या बाकावर बसलेल्या आपल्या मुलाला ही गोष्ट ज्या सुरात ऐकवली जाते, तो सूर आपल्याला माहीत आहे. म्हणून घरातूनच त्याला खरी हकीकत मिळायला हवी.

आणि या हकीकतीचा पुढचा भाग थेट महाराष्ट्रात येतो.

अहमद लाहोरींचा एक मुलगा होता, अताउल्लाह रशीदी. तो गणिती होता. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या संस्कृत ग्रंथाचं त्यानं १६३४-३५ च्या सुमारास फारसीत भाषांतर केलं आणि ते शहाजहानला अर्पण केलं. भास्कराचार्य म्हणजे आपल्या खानदेशाशी नातं असलेले गणिती. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे. ताजमहाल बांधणाऱ्याचा मुलगा खानदेशाशी जोडलेल्या पंडिताचं गणित फारसीत नेतो, हे एवढं एक वाक्य मुलांना सांगितलं तरी प्रतिकृतीसमोरचा वेळ सार्थकी लागला म्हणायचा. हाच अताउल्लाह पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबरा बांधायला आला. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर वास्तुविशारद म्हणून अताउल्लाह आणि अभियंता म्हणून हंसपत राय अशी दोन नावं कोरलेली आहेत. बापाचे हात तोडणाऱ्या घराण्याकडे मुलगा नोकरीला आला असता का, हे वाचकांनीच ठरवावं.

दोन्ही इमारतींमागचं दुःखही सारखं आहे. मुमताज महल यांचं निधन १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला झालं, चौदाव्या बाळंतपणात. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी आपल्या जळगाव-रावेरच्या वेशीला लागून आहे. त्यांना आधी तापीकाठच्या जैनाबादच्या बागेत दफन केलं होतं, आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. औरंगजेबाच्या बेगम दिलरस बानू १६५७ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. त्याआधी महिनाभरच त्यांना पाचवं मूल, शहजादा अकबर, झालं होतं. म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्यात देखण्या दोन बागांच्या मध्यकथेत बाळंतपणात गेलेल्या दोन आया आहेत. राजवाड्यात हकीम होते, दाया होत्या, पैसा तर अमाप होता, तरीही.

बीबी का मकबरा शहजादा आजमशहानं आईसाठी बांधला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मार्गदर्शक पाटीवरही. पण आजमचा जन्म १६५३ चा. मकबऱ्याचं काम १६६० च्या आसपासचं. सात वर्षांचं पोर मकबरा बांधायला काढत नाही. काम बापाच्या हुकमानं झालं आणि आजमचं नाव पुढे जोडलं गेलं, हेच जास्त पटतं.

चारबाग म्हणजे काय

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. नेरुळला तुम्ही जे पाहता ती ताजची इमारत आहे. अशा प्रतिकृती साधारणपणे लोखंडी सांगाड्यावर जाळी, सिमेंट किंवा फायबर चढवून, हातानं आकार देऊन आणि रंगवून करतात. ते कामही सोपं नाही, घुमटाचा फुगवटा जरा चुकला तरी ताज ओळखू येत नाही. पण मूळ ताजमहाल ही आधी एक बाग आहे आणि मग इमारत. आग्र्याचा सगळा परिसर साधारण ४२ एकरांचा. वंडर्स पार्क आख्खं मिळून तीसेक एकरांचं. म्हणजे आपलं पूर्ण पार्क ताजच्या आवारात बसेल आणि वर जागा उरेल. तेव्हा प्रतिकृतीत घुमट आला, मिनार आले, बाग राहिली, यात पालिकेचा दोष नाही. पण राहिलं काय ते कळायला हवं.

‘चारबाग’ हा फारसी शब्द आहे. एका मोठ्या चौकोनाचे पाण्याच्या दोन पाटांनी चार भाग करायचे, पाट जिथे एकमेकांना छेदतात तिथे हौद, चार भागांत झाडं, आणि भोवती उंच भिंत. इतकंच. ही कल्पना इस्लामच्याही आधीची आहे. इराणमध्ये पासारगाद इथं सायरस बादशहाच्या इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या बागेत तिचे अवशेष सापडतात. भिंत घातलेल्या बागेसाठी जुन्या इराणी भाषेत जो शब्द होता, त्यातूनच आपला ‘फिरदौस’ आणि युरोपातला ‘पॅराडाइज’ हे दोन्ही आले. मुसलमान बागा लावू लागले तेव्हा त्यांनी या जुन्या आखणीत नवा अर्थ भरला. जन्नतच्या वर्णनात पाणी, दूध, शराब आणि मध यांच्या नद्या येतात, सूरह रहमानमध्ये बागांच्या जोड्या येतात. चार पाटांकडे पाहताना बांधणाऱ्याच्या मनात ते असणार. कारंज्याच्या एका प्रकाराला तर थेट ‘सलसबील’ म्हणतात, जे जन्नतमधल्या झऱ्याचं नाव आहे.

बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याची मोठी तक्रार हीच होती, की इथं बागांतून वाहतं पाणी नाही. मग आग्र्यात यमुनेकाठी त्यानं बाग लावायला घेतली आणि रहाटानं पाणी चढवलं. तिथून पुढे सव्वाशे वर्षांत ही कला ताजपर्यंत पोचली.

ताजच्या कारंज्यांची युक्ती मुलांना विज्ञानाच्या धड्यासारखी सांगता येते. विजेचा पंप नव्हता. यमुनेचं पाणी बैलांच्या मोटेनं टप्प्याटप्प्यानं वर चढवून उंचावरच्या टाक्यांत साठवायचं. उंच टाकीतलं पाणी नळानं खाली आलं की दाबानं पुन्हा उसळी घेतं, हे तत्त्व. पण लांब नळावर कारंजी लावली तर पहिलं जोरात उडतं आणि शेवटचं रडतं. आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावर सकाळी नळाला जे होतं, तेच. यावर उपाय म्हणून प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं एक भांडं बसवलं. नळाचं पाणी आधी ही भांडी भरतं आणि मगच वर उडतं, म्हणून सगळी कारंजी एका वेळी आणि एकसारखी उसळतात.

आणखी दोन गोष्टी प्रतिकृतीत शोधून पाहा, नाहीतर मूळ ताजच्या फोटोत. मूळचे चारही मिनार किंचित बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, जेणेकरून भूकंपात पडलेच तर मुख्य इमारतीवर पडू नयेत. आणि दरवाजाच्या कमानीभोवतीची अक्षरं वर जाताना मोठी होत जातात, त्यामुळे खालून वाचणाऱ्याला ती सगळी एकाच आकाराची दिसतात. पांढऱ्या दगडात रंगीत दगडांची फुलं बसवतात त्या कामाला पर्चिनकारी म्हणतात. अब्बांच्या अंगठीतला अकीक, तोच तिथल्या पाकळ्यांत आहे.

‘गरिबांचा ताज’ म्हणू नका

बीबी का मकबऱ्याला लोक सहज ‘दख्खनचा ताज’ म्हणतात, ते ठीक. पण ‘गरिबांचा ताज’ किंवा ‘ताजची नक्कल’ म्हणतात, ते ऐकवत नाही. खर्च कमी होता हे खरं. जुन्या तवारीखमध्ये मकबऱ्याचा खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे नोंदवला आहे. ताजचा खर्च सव्वातीन कोटींच्या घरात सांगतात. म्हणून संगमरवर फक्त खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे. मधला सगळा भाग आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा गिलावा. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए यानं सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्या पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. एवढ्या दुरून दगड आणायचा तर हात आखडणारच.

पण पैशाची जिथं कमतरता, तिथं हाताचं काम पाहावं. गिलावा हा शब्द आज आपण सिमेंटच्या प्लास्टरला वापरतो. जुना गिलावा म्हणजे चुन्याच्या घाणीत बैल फिरवून दिवसचे दिवस मळलेला चुना. जुन्या बांधकामात त्यात गूळ, बेलफळाचं पाणी अशा चिकट वस्तू घालत. तो ओला असतानाच त्यात वेलबुट्टी उठवायची आणि मग घोटून घोटून चकाकी आणायची. दगडातली नक्षी चुकली तर दगड बदलता येतो; चुना वाळायच्या आत हात चालला नाही तर सगळंच गेलं. मकबऱ्याच्या कमानींवरची फुलं ही अशी, चुन्यात काढलेली आहेत. साडेतीनशे पावसाळे त्यांनी काढले. अलीकडच्या काळात बऱ्याच जागी पोपडे धरले आहेत, काळेपणा आलाय, आणि दुरुस्ती करायला चुन्याचं काम जाणणारे हात फार उरलेले नाहीत.

नक्कल म्हणायचं तर आखणीही एक नाही. ताज बागेच्या टोकाला, नदीच्या काठावर आहे. मकबरा बागेच्या बरोबर मध्यभागी आहे, दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यासारखा. चारबागची जुनी पद्धत तीच. आवार ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद, चारी बाजूंना तटबंदी. आत गेल्यावर कबर समोर दिसत नाही, ती खाली आहे. अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या कठड्याशी उभं राहून वरून पाहायची. वरच्या जाळ्यांतून येणारा उजेड थेट तिच्यावर पडतो. कबरीवर इमारत असावी का, यावर आपल्याकडे उलेमांनी बरंच लिहिलं-बोललं आहे, आणि ज्याला जे पटतं त्यानं ते मानावं. पण तिथली कबर स्वतः साधी आहे, तिच्यावर भपका नाही, हे नोंदवायला हवं.

आणि औरंगाबादचं पाणी? ते त्याहून जुनं. मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला माणूस, त्यानं १६१० मध्ये खडकी गाव वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणण्याचं काम त्यानं केलं, नहर-ए-अंबरी. पुढे आणखी नहरी झाल्या. खापरी नळ, दगडी पाट आणि मध्ये हवेसाठी उंच बंबे, सगळं उतारावर चालायचं. पाणचक्कीला गेलात तर तेच पाणी उंचावरून पडून चक्कीचं पातं फिरवताना दिसेल. त्या चक्कीवर नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या लोकांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. आज नहरींचे बरेच भाग बुजले आहेत, काही रस्त्यांखाली आणि घरांखाली फुटले आहेत. चारबागचा आत्मा पाणी. नहरी गेल्या तर बाग म्हणजे नुसतं हिरवळीचं मैदान.

अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर) फराह बाग तर याचं उदाहरणच आहे. निजामशाहीतला, १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेला तो महाल एका मोठ्या तलावाच्या मध्ये उभा होता. आता तलाव कोरडा आहे, महाल माळावर एकटा. बागेतलं फक्त नाव उरलंय.

पेट्रासमोर थांबा

वंडर्स पार्कात बाकी प्रतिकृतींपुढे पोरं स्वतःच पळत जातात, तिथं फार सांगावं लागत नाही. पेट्रासमोर मात्र दोन मिनिटं थांबवा. डोंगर कोरून काढलेलं ते दर्शनी काम नबाती अरबांचं. जॉर्डनच्या वाळवंटात त्यांनी पावसाचं पाणी पाट आणि टाक्यांत अडवून शहर जगवलं. याच नबातींचं दुसरं मोठं ठिकाण म्हणजे अल-हिज्र, सौदी अरेबियात मदिनेच्या उत्तरेला अल-उलाजवळ. उमरा करून आलेल्यांनी मदाइन सालेह हे नाव ऐकलेलं असतं. कुराणात डोंगरात घरं कोरणाऱ्या समूद लोकांचा आणि हजरत सालेह यांचा जो उल्लेख आहे, तो आपल्या परंपरेत या जागेशी जोडला जातो. आज तिथं दिसणाऱ्या कोरीव दफनगृहांवरचे लेख मात्र नबातींचे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे आहेत. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. परंपरा काय म्हणते आणि दगडावर काय लिहिलंय, हे वेगवेगळं ओळखता आलं तर चांगलंच. २००८ मध्ये ही जागा युनेस्कोच्या यादीत गेली, सौदी अरेबियाची पहिली.

काही वडीलधारी मंडळी विचारतात, पार्कात पुतळाही आहे, मग जावं का? बाग फिरायला जाणं म्हणजे इबादतीला जाणं नव्हे. मुलांना जग कसं आहे ते कळू द्या.

जाता जाता भाषेबद्दल एक गोष्ट. बाग, बगीचा, बागायत, गुलाब, हौद, फवारा, कमान, मिनार, दालान हे सगळे शब्द आपण मराठी म्हणूनच बोलतो. ते फारसी-अरबीतून आलेले आहेत, आणि मराठीनं ते इतके आपलेसे केले की शेतकऱ्याच्या सात-बाऱ्याशी ‘बागायत’ जोडली गेली. ‘बागवान’ तर आपल्याच माणसांचं आडनाव आहे. पुण्या-सोलापुरापासून वाशीच्या फळ बाजारापर्यंत बागवान मंडळी फळं-भाजी विकतात. शब्दाचा मूळ अर्थ बाग राखणारा. तुमच्या वर्गात, इमारतीत कुणी बागवान असेल तर मुलाला सांगा, चारबागमध्ये झाडं लावणाऱ्याला याच नावानं हाक मारत.

नेरुळ स्टेशनला उतरून रिक्षानं पार्कात जाता येतं, संध्याकाळी गर्दी वाढते, सुट्टीच्या दिवशी तिकिटाला रांग असते. औरंगाबादचं म्हणाल तर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून भिवंडीकडून निघून तिथं जाणं बरंच सोपं झालंय. मकबरा भारतीय पुरातत्त्व विभागाकडे आहे. सकाळी लवकर पोचा. घुमटाच्या संगमरवरात आणि खालच्या चुन्यात रंगाचा फरक तेव्हा सगळ्यात स्पष्ट दिसतो. मकबऱ्यानंतर पाणचक्की, आणि वेळ उरला तर खुलदाबाद, जिथं मलिक अंबरचा मकबरा आहे. तिथंच औरंगजेबाची कबरही आहे, उघड्या आभाळाखाली. तिच्यावर घुमट नाही, वर मातीचा वाफा ठेवलेला, आणि त्यात सब्जाचं रोप.